एक भट्टी आणि सहा शिकणारे: फ्यूज्ड ग्लासच्या छोट्या वर्गाचा प्रकरण अभ्यास

फ्यूज्ड ग्लास म्हणजे कापलेल्या काचांचे तुकडे एकमेकांवर रचून भट्टीत एकजीव करण्याची कला. ती शिकवणाऱ्यासमोर एक अडचण कायम उभी असते. काचेचे खरे रूपांतर बंद भट्टीत, ८०० अंश सेल्सियसच्या वर आणि बहुधा रात्रीच्या वेळी होते, आणि तेव्हा शिकणारा घरी असतो. चित्र काढताना चुकलेली रेघ तत्क्षणी दिसते, चाकावरचे मडके वाकडे जाऊ लागले की ते हातालाच कळते. काचेच्या रचनेतली चूक मात्र दुसऱ्या दिवशी भट्टीचे झाकण उघडल्यावर समोर येते, आणि तोपर्यंत आपण नेमके काय केले होते याचे अर्धे स्मरण पुसट झालेले असते. त्यामुळे या वर्गात भट्टी बंद होण्यापूर्वी शिकणाऱ्याने काय अंदाज बांधला आणि झाकण उघडल्यानंतर त्याने काय पाहिले, या दोन टोकांना जोडणे हेच शिकवणाऱ्याचे मुख्य काम आहे असे माझे मत आहे. खाली ज्या वर्गाचे वर्णन केले आहे, त्याची आखणी याच विचाराने केली होती. त्यात अनपेक्षितपणे आलेल्या एका जुन्या खिडकीच्या काचेने या विचाराची चांगलीच कसोटी घेतली.

वर्ग सहा जणांचा होता: एक निवृत्त गणित शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या एक बाई, वास्तुरचनेची एक विद्यार्थिनी, दोन बहिणी आणि नुकताच कॉलेजात गेलेला एक मुलगा. काच कापण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. सत्रे दोन आणि मध्ये काही दिवसांचे अंतर. पहिल्या सत्रात प्रत्येकाने १५ सेंटिमीटर बाजूची, ३ मिलिमीटरच्या दोन थरांची चौरस फरशी रचायची. ती भट्टीत भाजून झाल्यावर दुसऱ्या सत्रात तिची तपासणी करायची आणि मग ती साच्यावर ठेवून तिला उथळ तबकाचा आकार द्यायचा, असा बेत होता. सहा ही संख्या भट्टीने ठरवली होती. आतला फळा सुमारे ५५ सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद असल्यामुळे, दोन कामांमध्ये आणि कडेला पुरेशी जागा सोडली, तर त्यावर अशा सहा फरशा आणि कोपऱ्यात एखादा छोटा नमुना एवढेच मावते. टेबले आणि कटर जास्त आहेत म्हणून दहा जणांना प्रवेश दिला, तर चार जणांचे काम पुढच्या भाजणीपर्यंत थांबते, आणि ज्याचे काम थांबले त्याचे शिकणेही थांबते.

पहिला तास कापणीचा होता. त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण हा भाग हातानेच समजतो. काच कापली जात नाही, तिच्यावर कटरच्या चाकाने बारीक रेघ ओढली जाते आणि त्या रेघेवर ती मोडली जाते. रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच दाबाने आणि एकदाच ओढायची असते. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवले, तर चाक खराब होते आणि काच भलतीकडे फुटते. प्रत्येकाने आधी साध्या पारदर्शक तुकड्यांवर सराव केला. डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट, टेबलावरचा चुरा हाताने न झाडता ब्रशने गोळा करणे आणि काचेची पूड वापरताना मुखपट्टी, हे नियम मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते आणि त्यात कोणालाही सूट देत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा हात सर्वांत आधी बसला. एका दमात सरळ रेषा नेण्याची त्यांची सवय त्यांच्या कामी आली असावी.

रचना सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. त्यावर रचनेचे रेखाटन करायचे आणि भट्टीतून बाहेर आल्यावर कडा कशा असतील, रंग कोणते असतील, बुडबुडे कुठे असतील आणि कोणता तुकडा सरकला असेल, हे आपल्या शब्दांत लिहायचे. हा कागद मी परीक्षेसाठी घेत नाही. तो शिकणाऱ्याजवळच राहतो. त्यापूर्वी भाजणीत काय घडते ते सविस्तर सांगितले, कारण माहितीशिवाय अंदाज बांधायला सांगणे म्हणजे कोडे घालणे झाले असते.

त्या भाजणीचा आधी ठरवलेला क्रम असा होता. तापमान तासाला सुमारे २०० अंशांनी वाढवत ६७० अंशांपर्यंत नेले आणि तिथे अर्धा तास थांबवले. या टप्प्यावर काच मऊ होऊन खालच्या थरावर हळूहळू बसते आणि दोन थरांमधली हवा कडेने निघून जाते. त्यानंतर जरा वेगाने ८०५ अंश, तिथे दहा-बारा मिनिटे. या तापमानाला थर पूर्ण एकजीव होतात आणि कडा गोल होतात. याला फुल फ्यूज म्हणतात. तुकड्यांचे उठाव तसेच ठेवून ते फक्त चिकटवायचे असतील, तर साधारण ७३० ते ७७० अंशांवरच थांबावे लागते. तो टॅक फ्यूज. पुढे भट्टी ४८२ अंशांपर्यंत वेगाने उतरू दिली, तिथे एक तास स्थिर ठेवली आणि मग ३७० अंशांपर्यंत तासाला ८० अंश या गतीने निववली. या शेवटच्या टप्प्याला ॲनिलिंग म्हणतात. काचेचा गाभा आणि पृष्ठभाग एकाच तापमानाला आणून तिच्यातला ताण जिरवणे हे त्याचे काम. हे केले नाही तर काच बाहेरून उत्तम दिसते आणि नंतर केव्हातरी, विनाकारण वाटावे अशी तडकते. हाताने उचलता येईल इतकी भट्टी निवेपर्यंत एकंदर पंधरा-सोळा तास जातात.

हे ऐकल्यावर तीन मागण्या एकदम पुढे आल्या, आणि एका भट्टीत सहा जणांचे काम भाजताना काय सामाईक असू शकते आणि काय नाही, हा प्रश्न तिथेच उभा राहिला. वास्तुरचनेच्या विद्यार्थिनीला आपल्या पट्ट्यांचे उठाव जपायचे होते, म्हणजे टॅक फ्यूज हवा होता. कॉलेजच्या मुलाला मध्यभागी चार थर रचायचे होते. धाकट्या बहिणीला एकाच थराचे नाजूक काम हवे होते.

शेवटच्या दोन मागण्यांना काचेचा एकच गुणधर्म आडवा येतो. पूर्ण वितळण्याच्या तापमानाला पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल साधारण ६ मिलिमीटर जाडीला साधतो. त्याहून पातळ काच आत ओढली जाते, तिच्या कडा आखडतात आणि कोपऱ्यांवर काट्यांसारखी टोके येतात. त्याहून जाड काच बाहेर पसरते. धाकट्या बहिणीला मी एका थराचे काम करण्यापासून अडवले नाही, कारण तिची काच आखडली असती तरी शेजारच्या कामाला धक्का लागणार नव्हता. आधीच्या वर्गांतला असा एक आखडलेला नमुना पाहून तिने आपणहून दुसरा थर घेतला. मुलाला मात्र मी स्पष्ट नकार दिला. त्याचे चार थर, म्हणजे १२ मिलिमीटर काच, पसरून शेजारच्या फरशीला चिकटण्याची शक्यता होती, आणि शिवाय जाडी वाढली की ॲनिलिंगचा वेळ वाढवावा लागतो व निवण्याची गती पुष्कळ कमी करावी लागते. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: सर्वांत जाड कामाला लागणारे सावकाश ॲनिलिंग पातळ कामांना बाधत नाही, त्यात फक्त वेळ जातो; पण सर्वोच्च तापमानाची वाटणी करता येत नाही. म्हणून थर तीन करून मधला उंचवटा लहान ठेवण्यावर मुलाशी तडजोड झाली, ॲनिलिंगचा वेळ त्याच्या कामाला पुरेल इतका वाढवला, आणि टॅक फ्यूज मागणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र दुसऱ्या भाजणीची वाट पाहावी लागली. तिला ते आवडले नाही. तरीही मी तिच्यासाठी मधले एखादे तापमान निवडले नाही, कारण ७८० अंशांना थांबलेल्या भट्टीतून तिचे उठाव अर्धे बसलेले आणि इतरांच्या कडा अर्ध्या कच्च्या राहिलेल्या निघाल्या असत्या.

शिकणाऱ्याची चूक कधी थांबवावी आणि कधी होऊ द्यावी, याची माझी कसोटी याच अनुभवांतून पक्की झाली आहे. ज्या चुकीचे नुकसान दुसऱ्याच्या कामाला किंवा भट्टीला पोहोचते, ती थांबवायची. जिचे नुकसान करणाऱ्यापुरते आणि भरून येण्याजोगे असते, तिच्याबद्दल एकदा सावध करून निर्णय त्याच्यावर सोडायचा. गणिताच्या सरांनी फरशीच्या चारही कडांना पट्ट्यांची बंद चौकट केली आणि त्यावर वरचा थर ठेवला. चौकट आधी बसली तर आतली हवा कोंडेल, कोपऱ्यांत फटी ठेवा, असे मी त्यांना सुचवले. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, कळले. पण हवा किती कोंडते ते मला पाहायचे आहे.” त्यांनी आपल्या कागदावर बुडबुड्याची जागा आणि अंदाजे व्यास लिहिला, आणि चौकट तशीच ठेवली.

याच सुमारास शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला काचेचा तुकडा काढला. पाडल्या गेलेल्या जुन्या घराच्या खिडकीची ती नक्षीदार काच होती आणि फरशीच्या मधोमध तिचा एक तुकडा बसवावा अशी त्यांची इच्छा होती. या वर्गाला त्या केवळ त्यासाठीच आल्या होत्या.

वर्गात आम्ही वापरत होतो ती काच फ्युजिंगसाठीच तयार केलेली, एकमेकींशी जुळणारी असल्याची कारखान्यातच खात्री केलेली होती. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीची ही काच. तिचा प्रसरण गुणांक ९० म्हणून ओळखला जातो, म्हणजे तापमान एका अंशाने वाढले की तिची लांबी एक कोटी भागांमागे ९० भागांनी वाढते. खिडकीच्या काचेचा हा आकडा कारखान्यागणिक बदलतो आणि बहुधा नव्वदीच्या खालीच असतो. समजा तो ८४ आहे. भट्टी साडेचारशे अंशांनी निवत असताना १० सेंटिमीटर लांबीच्या दोन काचांच्या आकुंचनात पडणारा फरक ०.०३ मिलिमीटरहूनही कमी भरतो. हा आकडा मी लिहायच्या फळ्यावर मांडला तेव्हा एवढ्याशा फरकाने काय होणार, असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो स्वाभाविक आहे. पण दोन्ही काचा आता एकमेकींपासून सुटू शकत नाहीत आणि काच ताणली जाऊन वाढतही नाही. त्यामुळे हा फरक ताण होऊन सांध्याभोवती साठून राहतो, आणि काच फोडायला तेवढा ताण पुरेसा असतो. त्यातही आकडे जुळले म्हणून काचा जुळतातच असे नाही. मऊ अवस्थेतला घट्टपणा, म्हणजे श्यानता, वेगळी असली तरी ताण निर्माण होतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष चाचणीवर भिस्त ठेवावी.

बाईंना सरळ नाही म्हणणे सोपे होते, आणि “घाला, बघू काय होते ते” म्हणणे त्याहून सोपे होते. पहिल्या उत्तराने त्यांच्या येण्याचे कारणच संपले असते. दुसऱ्या उत्तरात त्यांचे सगळे काम पणाला लागले असते, आणि ते बाहेरून सुखरूप निघाले असते तरी आत काय आहे हे कोणालाच कळले नसते. म्हणून कोपऱ्यातली रिकामी जागा चाचणीला दिली. वर्गातल्या पारदर्शक काचेच्या छोट्या पट्टीवर एका बाजूला खिडकीच्या काचेची चिप आणि दुसऱ्या बाजूला वर्गातल्याच काचेची चिप ठेवली. दुसरी चिप तुलनेसाठी: तिच्याभोवती ताण दिसला असता तर दोष काचेचा नसून ॲनिलिंगचा आहे, असे समजले असते. बाईंनी आपली फरशी वर्गातल्याच काचेची केली आणि कागदावर चाचणीबद्दल लिहिले, “तडा जाईल, चिपच्या कडेने.”

भट्टी लावण्यापूर्वीची कामे थोडक्यात सांगते. प्रत्येक तुकडा धुऊन, कोरडा करून, कडेने धरूनच ठेवायचा, कारण बोटांचे ठसे आणि कटरचे तेल जळून पृष्ठभागावर धूसरपणा येऊ शकतो. गोंद थेंबभरच वापरायचा. काच मऊ होण्याच्या बऱ्याच आधी तो जळून जातो, त्यामुळे त्याचा उपयोग रचना टेबलावरून भट्टीपर्यंत नेण्यापुरताच असतो. भट्टीतल्या फळ्याला ॲल्युमिना आणि केओलिन यांच्या मिश्रणाचा लेप देऊन तो पूर्ण वाळवलेला होता. हा लेप नसेल तर वितळलेली काच फळ्याला कायमची चिकटते.

दुसऱ्या सत्रात झाकण सर्वांसमोर उघडले आणि पहिला अर्धा तास कोणीही कोणाच्या कामाला चांगले-वाईट म्हणायचे नाही, फक्त आपला कागद आणि आपली फरशी शेजारी ठेवून फरक लिहायचा, असा नियम केला. तो पाळायला अवघड गेला, पण त्यातूनच सर्वांत जास्त शिकणे झाले. थोरल्या बहिणीने जवळजवळ रंगहीन दिसणारी काच निवडली होती. तिच्यात सोन्याचा अंश असल्यामुळे ती भट्टीत गडद गुलाबी झाली. हे आधी सांगितलेले होते, तरी तिचा अंदाज फिकट गुलाबीचा होता. धाकटीने फिरोजी आणि मलईच्या रंगाच्या काचा शेजारी ठेवल्या होत्या. फिरोजीतले तांबे आणि मलई रंगातले गंधक यांच्या संयोगाने सांध्यावर तपकिरी-काळी रेघ उमटते हे तिला ठाऊक होते. तिने जाड रेघ लिहिली होती, आली ती बारीक. सरांच्या फरशीत मोठा बुडबुडा होता, त्यांनी लिहिलेल्या जागेपासून जरा बाजूला आणि अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांनी तो मोजपट्टीने मोजून कागदावर नोंदवला. माझ्या दृष्टीने त्या दिवशीचे सर्वांत नेमके निरीक्षण तेच होते.

चाचणीची पट्टी अखंड होती. कुठेही तडा नव्हता. बाईंचा अंदाज चुकला होता आणि त्यांना साहजिकच आनंद झाला. “मॅडम, मग आता तुकडा बसवता येईल ना?” त्यांनी विचारले. मी प्रकाशाच्या पेटीवर एक ध्रुवण फिल्टर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा पडदा, ठेवला, वर दुसरा धरून ९० अंशांत फिरवला आणि मधली जागा काळी केली. मग खोलीच्या तापमानाला आलेली ती पट्टी दोहोंच्या मध्ये सरकवली. काचेत जिथे ताण असतो, तिथून अशा वेळी प्रकाश दिसू लागतो. हाताच्या उबेनेसुद्धा काचेत तात्पुरता ताण दिसू शकतो, म्हणून ती आधी काही वेळ टेबलावरच ठेवली होती. वर्गातल्या काचेच्या चिपभोवती सगळे काळेच राहिले. खिडकीच्या काचेच्या चिपभोवती मात्र पांढरे, झगझगीत वलय उभे राहिले. सहाही जणांनी ते आळीपाळीने पाहिले. जी काच डोळ्यांना निर्दोष वाटत होती, तिच्यात ताण साठलेला आहे हे त्यांना कोणी सांगण्याची गरज उरली नाही, आणि बाईंनी आपला प्रश्न आपणच मागे घेतला.

या निमित्ताने तडा वाचायचा कसा तेही दाखवता आले. फुटलेल्या कामांची एक पेटी मी मुद्दाम जपून ठेवते. तड्याच्या कडा गोल झालेल्या असतील, तर काच तापताना फुटली आणि नंतर वितळली; कडा धारदार असतील, तर ती निवताना किंवा त्यानंतर फुटली. तडा एखाद्या तुकड्याच्या कडेकडेने गेला असेल, तर संशय न जुळणाऱ्या काचेवर घ्यावा. तो वळण घेत आरपार गेला असेल, तर ॲनिलिंग अपुरे असण्याची शक्यता अधिक. पेटीतला एकेक तुकडा हातात घेऊन तो कधी आणि का फुटला असावा हे सांगण्यात कॉलेजचा मुलगा सर्वांच्या पुढे होता. जाडीवरून घेतलेल्या नकाराची अढी त्यानंतर त्याच्या बोलण्यात दिसली नाही.

खिडकीच्या काचेचा प्रश्न तेवढ्याने मिटत नव्हता. ती काच दुसऱ्या काचेशी जुळत नसली तरी स्वतःशी जुळते. एकाच तावदानातून कापलेले दोन तुकडे एकमेकांशी एकजीव करायला हरकत नसते. बाईंच्या तुकड्यातून दोन सारखे भाग निघाले. त्यांच्याखाली सिरॅमिक फायबर पेपरमध्ये, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या कागदासारख्या पत्र्यात, कापलेली वेलीची आकृती ठेवली, म्हणजे काच मऊ होऊन तिच्याभोवती बसते आणि खालच्या बाजूने नक्षी उमटते. वेगळ्या रंगाची काच लागत नाही, त्यामुळे न जुळण्याचा प्रश्नही येत नाही. भाजणी स्वतंत्र केली: खिडकीची काच अधिक तापमान मागते, म्हणून ८३० अंशांच्या आसपास, आणि ॲनिलिंगही ५५० अंशांच्या जवळपास. जुनी नक्षी वितळून सपाट होईल, हे त्यांना आधी स्पष्ट सांगितले. त्यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला, तावदानाचा एक छोटा तुकडा न भाजता तसाच बाजूला काढून ठेवला आणि उरलेले काम भट्टीला दिले.

तबकांची भाजणी त्याच आठवड्यात झाली. साच्यावर वाकवण्यासाठी सुमारे ६६० अंश पुरतात, पण आता काच ६ मिलिमीटरची सलग लादी झालेली असते आणि तिच्यातले गडद व फिकट भाग वेगवेगळ्या वेगाने तापतात, म्हणून तापवण्याची गती पहिल्या वेळेपेक्षा कमी ठेवली. सरांनी आपली फरशी वाकवली नाही. बुडबुड्यावरची काच पातळ असते आणि पुन्हा तापवल्यास ती फुटू शकते, हे कळल्यावर त्यांनी ती सपाटच ठेवली आणि दुसरी, कोपऱ्यांत फटी सोडलेली फरशी रचली. ती टॅक फ्यूजच्या कामासोबत भाजता आली नसती, म्हणून पुढच्या गटाच्या पहिल्या भाजणीत तिला जागा ठेवली. बाईंची काच भट्टीतून स्वच्छ निघाली. एका कोपऱ्यावर किंचित धूसर पट्टा होता, तो खिडकीच्या काचेत पृष्ठभागावर स्फटिक धरल्यामुळे आलेला. तिलाही तबकाचा आकार द्यावा का, हा प्रश्न निघाला. पुन्हा तापवल्याने तो पट्टा वाढण्याचा धोका होता, त्यामुळे बाईंनी ती तशीच सपाट ठेवायचे ठरवले आणि ध्रुवण फिल्टरखाली स्वतः तपासून, कुठेही वलय नसल्याची खात्री करून मगच घरी नेली.